संगणकाच्या ग्रेसबाई आणि लेखनाचा तास



मागच्या पालकसभेत एक सूचना आली होती. आठवी ते दहावीच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक तास निबंधलेखनाचा असतो, तो काढून संगणकाला द्यावा. सूचना करणारे पालक शाळेचे हितचिंतकच आहेत आणि त्यांचे म्हणणे सरळ होते. मुलांना सॉफ्टवेअरमध्ये जायचे आहे, इंदूरहून पुण्या-बंगळूरला नोकरी धरायची आहे. तिथे पावसाळ्यावरचा निबंध कोण विचारतो? सभेत बऱ्याच माना डोलल्या. खरे सांगायचे तर क्षणभर आमचीही मान हलली.

पण त्याच महिन्यात आमच्या कार्यालयात एक प्रकार घडला. फीच्या पावत्या काढण्याचा प्रोग्राम काही वर्षांपूर्वी एका हुशार तरुणाने आम्हाला हौसेने करून दिला होता. तो छान चालत होता. यंदा फीची रचना बदलली आणि भावंडांना मिळणारी सवलत चुकीची येऊ लागली. तरुण आता परदेशात. त्याने मागे एक कागदही ठेवलेला नव्हता. दुसऱ्या जाणकाराला बोलावले, तर प्रोग्राममध्ये रकान्यांची नावे क, क-१, ख-२ अशी. कशाचा अर्थ काय, कोणालाच लागेना. चार दिवस आमच्या लिपिक मंडळींनी हाताने पावत्या फाडल्या आणि पालक खिडकीपाशी ताटकळले. त्या तरुणाला प्रोग्राम लिहिता येत होता, प्रोग्रामविषयी लिहिता येत नव्हते. आणि तो आमच्याच शाळेत शिकलेला, त्यामुळे त्याला तरी काय बोलणार!

तेव्हापासून प्रश्न मनात घोळत राहिला. सॉफ्टवेअरमध्ये जाणाऱ्या मुलाने लेखन शिकायचे, तर नेमके कोणते? उत्तर शोधता शोधता आम्ही एका बाईंच्या चरित्रापाशी येऊन थांबलो. त्यांचे नाव ग्रेस हॉपर. आज त्यांचीच ओळख करून द्यायची आहे.

घड्याळे आणि लॅटिन

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात झाला. सात वर्षांची असताना या मुलीने घरातले गजराचे घड्याळ आत कसे चालते ते पाहायला उघडले. पुन्हा जुळेना, म्हणून दुसरे उघडले. असे करता करता घरातली सात घड्याळे मोकळी झाली. आईने शिक्षा केली नाही, पण यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचा, असा नियम घातला.

अशी बुद्धीची मुलगी व्हॅसर कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत मात्र अडकली. गणितात नाही, लॅटिन भाषेत! एक वर्ष थांबावे लागले. पुढे जिने यंत्राला माणसाची भाषा समजावण्यात आयुष्य घातले, ती भाषेच्याच परीक्षेत नापास झाली होती, हे आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. आम्हाला स्वतःला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले, मराठी होती ती घरातली, बोलण्यापुरती. शाळेत रुजू झालो तेव्हा मराठीत साधी सूचना लिहायची तरी वाक्य आधी हिंदीत सुचायचे. लिहीत लिहीतच हात बसला. लेखन जन्मजात येत नाही, ते शिकता येते, यावर आमचा विश्वास तेव्हापासूनचा.

ग्रेस पुढच्या वर्षी पास झाल्या. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या, १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट मिळवली. १९३० मध्ये लग्न झाले आणि हॉपर हे आडनाव आले. १९३१ पासून त्या व्हॅसरमध्येच गणित शिकवू लागल्या.

गणिताच्या वर्गात निबंध

इथे आपल्या विषयाचा खरा धागा सुरू होतो. ग्रेसबाई संभाव्यतेचे गणित शिकवीत. वर्गात एखादे सूत्र शिकवून झाले की त्या मुलींना त्यावर निबंध लिहायला सांगत. सूत्र कशासाठी आहे, ते कुठून आले, त्याचा अर्थ काय, हे सगळे वाक्यांत मांडायचे. मग गणिताइकतेच बारकाईने त्या लेखनही तपासत. मुद्दा स्पष्ट नसेल तर कागद परत, पुन्हा लिहून आणा. मुली कुरकुरल्या की आम्ही गणिताच्या वर्गात आलो आहोत, भाषेच्या नाही. त्यावर बाईंचे उत्तर ठरलेले असे. तुम्हाला आलेले गणित दुसऱ्याला सांगता येत नसेल तर ते शिकून उपयोग काय?

आपल्याकडेही गणिताच्या वहीत उत्तर बरोबर असते, पण ते कसे आले हे विचारले की मूल छताकडे बघते. हा अनुभव गणिताच्या प्रत्येक शिक्षकाला आहे.

पुस्तिका नसलेले यंत्र

दुसरे महायुद्ध पेटले. अमेरिका डिसेंबर १९४१ मध्ये युद्धात उतरली. ग्रेसबाईंना नौदलात जायचे होते. पण वय जास्त, वजन कमी, आणि गणिताच्या प्राध्यापक म्हणून त्या आहेत तिथेच हव्या, असे सरकारचे म्हणणे. त्यांनी पिच्छा सोडला नाही. डिसेंबर १९४३ मध्ये सवलत मिळवून त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली.

तिथे एक अजस्र यंत्र उभे होते, मार्क वन. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे ५ टन. सेकंदाला तीन बेरजा करणारे हे यंत्र त्या काळी चमत्कारच होते. कागदाच्या फितीवर भोके पाडून त्याला आज्ञा द्याव्या लागत. प्रमुख होते हॉवर्ड एकन, मोठे करडे गृहस्थ. ग्रेसबाई आल्या त्याच दिवशी त्यांनी यंत्र दाखवून एक गणित हाती दिले आणि उत्तर आठवड्याभरात मागितले. यंत्र चालवायचे कसे, याची पुस्तिका? ती नव्हतीच. सांकेतिक आज्ञांची एक यादी आणि दोन तरुण सहकारी, रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल, एवढ्यावर त्यांना शिकावे लागले.

काही दिवसांनी एकनसाहेबांनी त्यांना बोलावून सांगितले की या यंत्राचे पुस्तक तुम्ही लिहायचे. ग्रेसबाई म्हणाल्या, मी कधी पुस्तक लिहिलेले नाही. साहेबांनी आठवण करून दिली की आता तुम्ही नौदलात आहात. झाले, आज्ञा ती आज्ञा! दिवसभरात लिहिलेली पाने त्या साहेबांना मोठ्याने वाचून दाखवीत. जिथे अडखळायला होई ते पान पुन्हा लिहायचे. सहकाऱ्यांच्या मदतीने तयार झालेले हे पुस्तक १९४६ मध्ये छापले गेले. ५०० हून अधिक पाने. त्यात आकडेमोडीच्या यंत्रांचा इतिहास होता, मार्क वनच्या भागांची वर्णने होती आणि सोडवून दाखवलेली उदाहरणे होती. लेखक म्हणून प्रयोगशाळेच्या सेवकवर्गाचे नाव घातले होते. पण पुस्तिका नसलेल्या यंत्रापुढे उभे राहण्याची पाळी पुढच्या माणसावर आली नाही, ती या लेखनामुळे.

नोंदवहीतला पतंग

ग्रेसबाईंचे नाव निघाले की पतंगाची गोष्ट निघतेच. हा पतंग आपण संक्रांतीला उडवतो तो नव्हे, दिव्याभोवती फिरतो तो किडा. पुढचे यंत्र मार्क टू. ९ सप्टेंबर १९४७ रोजी ते बिघडले. शोधता शोधता एका रिलेत अडकलेला पतंग सापडला. तेथील मंडळींनी तो नोंदवहीच्या पानावर चिकटवला, वेळ लिहिली, रिलेचा क्रमांक लिहिला आणि शेजारी एक गमतीची ओळ टाकली. ती वही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जपून ठेवली आहे.

प्रोग्राममधील चुकीला 'बग', म्हणजे किडा, म्हणायची सुरुवात ग्रेसबाईंनी केली असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. ते खरे नाही. यंत्रातल्या बिघाडाला हा शब्द त्याआधी कित्येक वर्षे, एडिसनच्या काळापासून वापरात होता, आणि पतंग सापडला तोही बाईंच्या हाताने नव्हे. त्या ही गोष्ट रंगवून सांगत, म्हणून ती त्यांच्या नावावर चढली. आम्हाला त्या गोष्टीत पतंगापेक्षा वही महत्त्वाची वाटते. बिघाड कधी झाला, कुठे झाला, कशामुळे झाला, हे त्याच दिवशी लिहून ठेवायची त्या खोलीत शिस्त होती. म्हणून इतक्या वर्षांनंतरही आपण दुपारची वेळ आणि रिलेचा क्रमांक सांगू शकतो. आमच्या कार्यालयात पावत्यांचा प्रोग्राम कोणत्या तारखेपासून चुकू लागला, ते मात्र आजही सांगता येत नाही!

अक्षर चुकले की गणित चुकले

१९४९ मध्ये ग्रेसबाई फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. युनिव्हॅक हे प्रसिद्ध यंत्र याच कंपनीचे. तिथल्या एका यंत्रासाठी आठावर आधारलेली आकडेमोड करावी लागे, म्हणजे सातानंतर थेट दहा. बाई त्यात इतक्या रमल्या की घरच्या बँकेच्या पुस्तकातला हिशेबही त्याच पद्धतीने करू लागल्या. महिनोन्‌महिने शिल्लक जुळेना. अखेर बँकेत काम करणाऱ्या भावाने तपासून चूक दाखवली. तेव्हा बाईंच्या मनाने घेतले की माणसाने यंत्रासारखे बोलायचे, हे उलटेच चालले आहे. यंत्राने माणसाचे ऐकायला शिकले पाहिजे.

दुसरी अडचण तर आमच्या शाळेतल्या कोणत्याही वर्गात रोज दिसेल अशी आहे. प्रोग्रामचे उपयोगी तुकडे प्रत्येक जण आपल्या वहीत लिहून ठेवी आणि गरज लागली की दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घेई. उतरवताना चुका होत. रिकामी जागा दाखवणारे त्रिकोणी चिन्ह घाईत इंग्रजी चारच्या आकड्यासारखे दिसे. बी या अक्षराचा तेरा होई. ग्रेसबाईंच्या लक्षात आले की नक्कल करण्यात आणि बेरजा करण्यात माणूस कच्चा आहे, आणि नेमकी हीच दोन कामे चोख करणारे यंत्र तर समोरच उभे आहे! मग तुकडे यंत्रातच साठवून ठेवावेत आणि कोणता तुकडा हवा तेवढे सांगितले की यंत्राने ते शोधून जोडावेत. यातून १९५२ मध्ये ए-झिरो ही प्रणाली तयार झाली. आज संगणकाचे विद्यार्थी ज्याला कम्पायलर म्हणतात, त्या वाटेवरचे हे पहिल्या पावलांपैकी एक. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्राम काय तयार करणार, असे म्हणून पुष्कळांनी सुरुवातीला लक्षच दिले नाही.

शब्दांचे अर्थ सर्वांसाठी एकच असावेत म्हणून प्रोग्रामिंगच्या परिभाषेचा एक कोशही १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो करणाऱ्या समितीच्या अध्यक्ष ग्रेसबाईच होत्या.

एक चुकलेला प्रस्ताव

यशाच्या गोष्टी सगळेच सांगतात, फसलेली गोष्ट अधिक शिकवते. १९५० च्या दशकाच्या मध्याला ग्रेसबाईंनी कंपनीकडे पैसे मागायला एक प्रस्ताव लिहिला. दुकानदारीचे, पगाराचे, मालसाठ्याचे प्रोग्राम चिन्हांत न लिहिता साध्या इंग्रजी शब्दांत लिहिता येतील, असा त्यांचा दावा होता. नमुना म्हणून एक छोटा प्रोग्राम इंग्रजीत दिला. आणि यंत्राला सर्व भाषा सारख्याच, अक्षरे ही त्याला नुसती चिन्हे, हे दाखवायला तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही दिला.

त्यांना वाटले, साहेब लोक खूश होतील. झाले उलटेच. अमेरिकेत बनलेला संगणक फ्रेंच आणि जर्मन कसा समजेल, या विचाराने वरिष्ठ गोंधळून गेले. बाईंना पुढे कितीतरी महिने समजूत घालावी लागली की आम्ही फक्त इंग्रजीतच करणार आहोत. प्रस्तावातला मुद्दा बरोबर होता. पण वाचणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे आणि तो कशाला बिचकेल, याचा अंदाज चुकला. दोन-तीन भाषांत रोज वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या साहेबांचे हसू येईल. पण विश्वस्त मंडळापुढे अर्ज लिहिताना आमचेही असे झालेले आहे, हे मान्य केलेले बरे.

फ्लो-मॅटिक आणि कोबोल

अखेर इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली. १९५९ मध्ये सरकार, कंपन्या आणि संगणक बनवणारे एकत्र येऊन सर्व यंत्रांवर चालेल अशी व्यापारी कामाची भाषा ठरवायला बसले. तीच कोबोल. ग्रेसबाई त्यात सल्लागार होत्या. कोबोल त्यांनी एकटीने केली असे नाही, समितीतील अनेकांचे ते काम. पण तिचा पाया बराचसा फ्लो-मॅटिकचा. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्राम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला.

कोबोलवर टीकाही झाली. ती फार शब्दबंबाळ आहे, आणि शब्द इंग्रजी असले म्हणून विचार आपोआप स्पष्ट होत नाही, असे जाणकार म्हणत. टीका रास्त होती. सोप्या शब्दांतही गोंधळ घालता येतो, हे निबंध तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला विचारा.

तरी कोबोल टिकली. १९९८-९९ मध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवणारे जुने प्रोग्राम २००० साल लागताच चुकतील, अशी भीती जगभर पसरली. ते तपासून दुरुस्त करण्याचे काम भारतात मोठ्या प्रमाणावर आले आणि आपल्याकडच्या कितीतरी तरुणांनी त्यासाठी कोबोल शिकली. मूळ प्रोग्राम लिहिणारे तोवर निवृत्त झालेले, काही तर जगातही नव्हते. नावे आणि टिपा नीट लिहिलेल्या असतील तिथे काम सरळ होई, नसतील तिथे एकेक ओळ उकलत बसावे लागे. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना मदतीचे जाहीर आवाहन करावे लागले.

हातभर तार

ग्रेसबाई १९६६ अखेर नौदलातून निवृत्त झाल्या. पण नौदलातील कोबोलचा सावळागोंधळ आवरायला १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावले. ते सहा महिने १९ वर्षे चालले! १४ ऑगस्ट १९८६ रोजी त्या ७९ व्या वर्षी रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या.

या काळात त्यांनी अगणित व्याख्याने दिली. उपग्रहाकडून संदेश यायला वेळ का लागतो, असे मोठे अधिकारी विचारत. बाई पर्समधून तारेचे तुकडे काढून वाटत. प्रत्येक तुकडा ११.८ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात जास्तीत जास्त एवढेच अंतर कापतो. मुलांनो, तुमच्या कंपासपेटीजवळची मोठी पट्टी काढून पाहा. एवढासा तुकडा! आणि उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील, हा हिशेब ऐकणारा स्वतःच करू लागे. अवघड गोष्ट ऐकणाऱ्याच्या हातात ठेवायची, ही त्यांची रीत.

१ जानेवारी १९९२ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९९७ मध्ये त्यांच्या नावाची युद्धनौका नौदलात दाखल झाली आणि २०१६ मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर देण्यात आला.

मग काय शिकायचे?

ग्रेसबाईंचे आयुष्य समोर ठेवले की निवड सोपी होते. सॉफ्टवेअरमध्ये जाणाऱ्याने सगळे लेखनप्रकार शिकायला हवेत असे नाही. पण आपण तिथे नसताना दुसऱ्याचे काम अडू नये, एवढे लेखन मात्र यायलाच हवे. म्हणजे चार गोष्टी. चूक झाली की तिची तारीख, वेळ आणि कारण यांसह नोंद. काम कसे करायचे याचे टप्पे, अगदी नवख्यालाही जमतील असे. जे समजले ते न समजलेल्याला सांगणे. आणि पैसे किंवा परवानगी मागणारा अर्ज, वाचणाऱ्याला ओळखून लिहिलेला. भाषा कोणतीही असो. मराठीत हे साधले की हिंदी-इंग्रजीत न्यायला वेळ लागत नाही.

आज तर साध्या वाक्यात सांगितले की संगणक स्वतःच प्रोग्राम लिहून देतो. ग्रेसबाईंना याचे फार नवल वाटले नसते. पण काय हवे ते नेमके लिहिता आले नाही, तर तोही भलतेच लिहून देतो, हे आमच्या संगणक शिक्षकांनी आम्हाला प्रत्यक्ष दाखवले.

पालकांच्या सूचनेचे काय केले, ते सांगून थांबतो. सूचना अर्धी बरोबर होती. तोच तोच निबंध पाठ करून लिहिण्याचा तास वाया जातो, हे आम्हाला मान्य आहे. म्हणून आम्ही विश्वस्त मंडळापुढे असा प्रस्ताव ठेवला आहे की लेखनाचा तास राहील, पण महिन्यातले दोन तास भाषा आणि संगणकाचे शिक्षक मिळून घेतील. संगणकाच्या प्रत्येक प्रकल्पाला एक पानाची पुस्तिका मूल स्वतः लिहील. ती दुसऱ्या वर्गातल्या मुलाच्या हाती द्यायची आणि लिहिणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. त्या मुलाला प्रोग्राम चालवता आला तर गुण, नाही तर कागद परत.

पहिली पुस्तिका आम्हीच लिहायला घेतली आहे. पावत्यांचा प्रोग्राम आता दुरुस्त झाला आहे, तो कसा चालवायचा याची. कार्यालयातल्या लिपिकांनी ती दोनदा परत केली आहे. तिसरा मसुदा चालू आहे.